पाळण्यात बसायच्या आधीच

अगं, रागावू नकोस, पण परवा फोनवर तू जे बोललीस ते डोक्यातून जात नाहीये. हैदराबादकडच्या एका पार्कात नवा पाळणा आलाय म्हणून मी सहज विचारलं, कसा आहे गं? तर तू एका दमात मोकळी झालीस. "काही नाही ताई, पैसे पाण्यात. जुनं होतं तेच बरं होतं." मी विचारलं, बसलीस का? तर म्हणे, "बसायला कशाला पाहिजे, व्हिडिओ बघितला की कळतं."

तुझं हे वेड मला मनापासून आवडतं बरं. पहिल्या पगारात पोरी साडी घेतात, कानातलं घेतात. तू पुण्याहून निघून खोपोलीला इमॅजिकात गेलीस आणि 'नायट्रो'त बसून आलीस. आईनं तुझी दृष्ट काढली होती त्या दिवशी. चाळीस मीटर उंचीवरून खाली येणारी ती गाडी, पायाखाली फळी नाही, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग, आणि ती बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची, हे सगळं तू आईला समजावून सांगत होतीस आणि ती मीठ-मोहऱ्या ओवाळत होती. घरात कोणाला कळो न कळो, मला कळत होतं की या पोरीला हे नुसतं किंचाळायला आवडत नाही, तिला त्यातलं यंत्र आवडतं, गोष्ट आवडते.

म्हणूनच बोलते. तुम्ही पाळणावेडी माणसं नव्या पाळण्यावर फार लवकर तुटून पडता. आणि जिथं खरोखर तुटून पडायला पाहिजे, तिथं गप्प असता. मला दुसऱ्या गोष्टीचा जास्त राग येतो, पण आधी पहिलीचं बोलू.

हे वेड आपल्या घरात काही आजचं नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची जत्रा आठव. मार्गशीर्षातली थंडी, घोडे, उंट, गाढवांचा बाजार, तमाशाचे तंबू, आणि त्या सगळ्याच्या कडेला पाळणे आणि मौत का कुआँ. तू इतकी लहान होतीस की दादाच्या खांद्यावरून खाली उतरायला तयार नव्हतीस. तिथंही जाणकार होतेच की. एक म्हातारबाबा पाळण्यापाशी उभे राहून ऐकवत होते, मोटार लागली आणि मजा गेली. हातानं फिरवायचे तेव्हा फिरवणारा गडी पोराचं तोंड बघून वेग कमी-जास्त करायचा, मोटारीला कुठं तोंड दिसतं? मला ते वाक्य तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. त्या म्हाताऱ्याची टीका खरी होती. फक्त एवढंच, की हे सगळं सुनावून झाल्यावर ते नातवाला घेऊन त्याच मोटारीच्या पाळण्यात बसले. उतरल्यावर पुन्हा म्हणाले, मजा नाही. पण बसून म्हणाले!

आपल्या धर्माबादेतून तसंही मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. बासर ओलांडलं, निजामाबाद गेलं की सिकंदराबादच. जुन्या माणसांची करमणुकीची कल्पना म्हणजे तिथल्या नामपल्लीची नुमाइश, म्हणजे प्रदर्शन. १९३८ पासून भरते ती. जानेवारीत तिकडं कुणी पाहुणा गेला की येताना लाखेच्या बांगड्या, सुका मेवा आणि पाळण्याच्या गोष्टी घेऊन यायचा. मुंबईचं एस्सेलवर्ल्ड आपल्याला टीव्हीवरच माहीत. १९८९ साली गोराईला उघडलं ते, खाडी ओलांडून बोटीनं जायचं म्हणे. त्या जाहिरातीचं गाणं गल्लीतल्या प्रत्येक पोराला पाठ होतं आणि गल्लीतलं एकही पोर तिथं गेलेलं नव्हतं. पुढं मुंबईला राहायला गेलेले आपलेच नातेवाईक नाक मुरडायला लागले. काय ठेवलंय तिथं, पाळणे जुने झाले, रंग उडाला, परदेशात बघा कसं असतं. २०२२ मध्ये ते बंद पडलं आणि तीच माणसं गहिवरली. आमचं बालपण गेलं म्हणे! अरे, चालू होतं तेव्हा दोन चांगले शब्द बोलला असतात तर?

आता तू म्हणशील, ताई, म्हणजे टीका करायचीच नाही का? करायची की. तुम्ही लोक पुष्कळदा बरोबर असता, हे मी आधी कबूल करते. तूच मला डिस्नेच्या एपकॉटमधल्या त्या जांभळ्या ड्रॅगनची गोष्ट सांगितली होतीस. फिगमेंट. १९८३ पासून पोरांचा लाडका. १९९९ साली कंपनीनं ती सफर नव्या रूपात उघडली आणि त्याला जवळजवळ हाकलूनच दिलं. लोकांनी इतकी कलकल केली, की २००२ मध्ये सफर पुन्हा बदलून त्याला परत आणावं लागलं. ही टीका जास्त कडक होती का? मला नाही वाटत. सफरीचा जीव कशात आहे हे मालकापेक्षा चाहत्यांना जास्त कळलं होतं. तसंच डिस्नेच्याच कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर पार्कचं. २००१ मध्ये उघडलं, आणि लोकांनी तोंडावर सांगितलं की हे डिस्नेच्या नावाला शोभत नाही, लहान पोरांना बसायला फारसं काही नाही, नुसती दुकानं आणि खाणं. शेवटी २००७ मध्ये कंपनीनं अब्जाहून जास्त डॉलर ओतून ते नव्यानं उभं करायचं जाहीर केलं आणि २०१२ मध्ये ते पूर्ण झालं. लोक गोड-गोड बोलले असते तर एवढा खर्च कोणी केला असता?

पण त्याच डिस्नेचं दुसरं उदाहरण घे. फ्लोरिडात 'मिस्टर टोड' नावाची जुनी सफर होती. ती काढणार म्हटल्यावर चाहते पार्कात जमून विरोध करायला लागले, हिरवे शर्ट घालून. १९९८ मध्ये ती बंद झालीच आणि पुढच्या वर्षी तिथं मधाचं वेडं ते पिवळं अस्वल, विनी द पू, येऊन बसलं. जुन्या मंडळींनी पूला किती शिव्या घातल्या असतील! आणि आज? त्यावेळी पाच वर्षांचं असलेलं पोर आज तिशी ओलांडून गेलंय. त्याच्यासाठी ती जागा पूचीच आहे. उद्या पूला हलवलं तर ते हिरव्याऐवजी पिवळे शर्ट घालून उभं राहील. मला हे फार गमतीशीर वाटतं. जुनं चांगलं असतं हे खरं, पण बऱ्याचदा ते आपण लहान असताना बघितलेलं असतं म्हणून चांगलं असतं, आणि हा हिशेब नव्या पाळण्याच्या खात्यात मांडणं काही न्यायाचं नाही.

२०१७ ची गोष्ट तर तुझ्या डोळ्यांदेखत झाली. कॅलिफोर्नियातला तो भुताच्या हॉटेलचा मनोरा, ज्यात लिफ्ट कोसळते, त्याला नवं रूप देऊन 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' केलं. उघडायच्या आधी तू आठवडाभर जेवताना तेच बोलत होतीस. इमारत कशी विद्रूप केली, काय नळकांडी लावलीत, वगैरे. आणि मग तुझ्याच मैत्रिणी बसून आल्या आणि म्हणाल्या, लिफ्ट आता जास्त वेळा वर-खाली होते, गाणी आहेत, मजा आली. तू म्हणालीस, "तरी पण." ते "तरी पण" माझ्या लक्षात राहिलंय बघ.

आणि पहिल्या दिवसावरून तर कधीच ठरवू नये गं. खुद्द पहिलं डिस्नेलँड, १७ जुलै १९५५. खोटी तिकिटं घेऊन हजारो माणसं घुसली. ताजं डांबर उन्हानं मऊ पडलेलं, बायकांच्या टाचा त्यात रुतल्या. नळकामगारांच्या संपामुळं प्यायच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे. पाळणे मध्येच बंद पडत होते. त्या संध्याकाळी तू तिथं असतीस तर घरी येऊन काय सांगितलं असतंस? पैसे पाण्यात, हेच ना? आणि त्यात खोटं काहीच नसतं. फक्त ते वाक्य त्या दिवसाबद्दल असतं आणि तू ते त्या जागेबद्दल म्हणून सांगितलं असतंस.

आपल्या गावात मिरचीचा सौदा कसा होतो ते तू लहानपणापासून बघितलंयस. आडत्या लांबूनच ढिगाकडं बघून भाव बोलत नाही. मूठभर उचलतो, एक तोडतो, बी बघतो, देठ बघतो, वास घेतो, कधी जिभेला लावतो आणि शिंकतो. ठसका लागल्याशिवाय मिरचीवर बोलायचं नाही, आणि तू पाळण्यावर व्हिडिओ बघून बोलतेस! व्हिडिओत वारा लागत नाही, पोटात गोळा येत नाही, शेजारच्या अनोळखी बाईनं घाबरून आपला हात धरलेला दिसत नाही. व्हिडिओत दिसतो तो फक्त रंग आणि लोखंड.

बरं, आपल्याकडच्या नव्या गोष्टींना तर तुम्ही लोक दुप्पट कडक असता. परदेशात जे बघितलं त्याच्या मापानं इथलं मोजायचं आणि 'कॉपी' म्हणून बाजूला टाकायचं. इमॅजिका २०१३ मध्ये उघडलं तेव्हा मी हेच ऐकलं. कॉपी, कॉपी. आता कॉपी म्हणजे काय? मनमोहन शेट्टींनी ते काढलं. हा तोच माणूस ज्याचं नाव 'अर्धसत्य'च्या निर्मात्यांत आहे, तेंडुलकरांची पटकथा होती त्याला. अशा माणसानं नंतर जाऊन पाळण्यांचं गाव का वसवलं असेल, यावर मी बऱ्याचदा विचार करते, पण ते असो. त्या पार्कात 'राजासॉरस' नावाची नावेची सफर आहे. तू म्हणालीस, ज्युरासिकची नक्कल. अगं, राजासॉरस हा आपला डायनासोर आहे! नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या हाडांवरून २००३ मध्ये त्याचं नाव ठेवलं, राजासॉरस नर्मदेन्सिस. मी वर्गात पोरांना शिकवते तेव्हा त्यांना अजून खोटंच वाटतं, की एवढा मोठा प्राणी इकडं हिंडत होता. ज्या कोणाला सुचलं की नावेतून भिजत-भिजत पोरांना हे नाव पाठ करायला लावावं, त्याला मी तरी दहापैकी आठ देईन. नाव, पाणी आणि शेवटची उडी बाहेरून आली असेल, मान्य. पण आत कोण बसवलाय तेही बघ की.

तीच गोष्ट तिथल्याच 'आय फॉर इंडिया'ची. पाय लोंबकळत सोडून, मोठ्या पडद्यापुढं उडत देश बघायचा. डिस्नेच्या 'सोअरिन'सारखं, हे उघड आहे. पण त्या मूळ 'सोअरिन'लासुद्धा २०१६ मध्ये नवा चित्रपट लावला तेव्हा चाहत्यांनी धरलंच होतं, की कडेच्या खुर्चीवरून आयफेल टॉवर वाकडा दिसतो. ती तक्रार मला आवडते बघ. नेमकी आहे. कुठल्या खुर्चीवरून काय दिसतं, हे बसल्याशिवाय कळत नाही. "बकवास" म्हणायला काही लागत नाही; "कडेला बसू नका, मधली रांग मागा" म्हणायला डोळे लागतात. आणि हे ऐकून पहिल्यांदा जाणाऱ्याचं भलं होतं.

पैशाचंही थोडं बघ. तुमची एक कायमची ओरड असते, नायट्रोनंतर तेवढं मोठं काही आणलंच नाही, बारीकसारीक आणतात. अगं, कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेलं पार्क होतं ते. त्यात कोरोनात दारं बंद. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणींनी ताबा घेतला तेव्हा कुठं श्वास आला. मोठा कोस्टर म्हणजे लोखंड परदेशातून, पाया, वीज, देखभाल, आणि दरवर्षी पावसाळा. अशा वेळी मालक लहान पोरांची एक चक्री आणतो, कारण शाळेच्या सहली त्यावर येतात, आणि सहलींच्या पैशावर तुझा नायट्रो फिरतो. हे सांगून मी तुला मालकाची दया करायला सांगत नाहीये. त्यानं तिकिटाचे पैसे घेतलेत, त्यानं ऐकून घ्यावं. पण कोणासाठी काय बनवलंय तेही बघावं, आत्याला काय वाटलं ते आठव. शिर्डीला याच मालपाणींचं साई तीर्थ आहे, देवाधर्माचं थीम पार्क. तू म्हणालीस, "यात राइड कुठं आहे?" आत्याचे गुडघे गेलेले, चार धाम तिच्या नशिबात उरले नव्हते. ती तिथल्या 'तीर्थयात्रा'मध्ये बसून सावकाश देवळं बघत फिरली, आणि 'लंकादहन'मध्ये खुर्ची हलली तेव्हा पदर तोंडाशी धरून हसली. तिच्यासाठी तो जगातला सगळ्यात मोठा पाळणा होता. तुझ्यासाठी तो बनवलेलाच नव्हता, मग तुझं मत त्यावर इतकं ठाम कशाला?

आता खरी गोष्ट सांगते, ज्यासाठी हे सगळं काढलं.

आपल्या शेजारच्या वहिनी. त्यांचे मालक आडतीवर हिशेब लिहितात. दिवाळीच्या सुट्टीत पोरांना हैदराबादला न्यायचं म्हणून त्या वर्षभर डब्यात पैसे टाकत होत्या. चारमिनार, गोळकोंडा, आणि एक दिवस पार्कात. त्यांनी मला विचारलं, मी तुला विचारलं, तू जे म्हणालीस ते मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं नाही, पण माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. दोन दिवसांनी म्हणाल्या, राहू द्या ताई, तुमच्या बहिणीला आवडलं नाही म्हणता, ती तर सगळीकडं फिरलेली. पार्काचा दिवस वगळायला निघाल्या त्या.

तुझं माप आणि त्यांचं माप वेगळं आहे गं. तू बघतेस गाडी किती वेळा उलटी होते, हवेत किती सेकंद तरंगतो, मागची रांग बरी की पुढची. त्यांना विचारायचं होतं की सहा वर्षांच्या पोरीला कशात बसू देतील. रांगेत सावली आहे का. प्यायचं पाणी फुकट आहे का विकत. बायकांची न्हाणीघरं कशी आहेत, कपडे बदलताना दाराला कडी आहे का. घरची भाकरी-चटणी आत नेऊ देतात का. बहुतेक ठिकाणी देत नाहीत, आणि फाटकावर डबा सोडून आत तिप्पट पैसे देऊन खाताना वहिनींसारख्या बाईचा जीव कसा तुटतो ते तुला माहीत नाही. पाण्याच्या बाजूला सुती सलवार-कमीज चालत नाही, नायलॉनचेच कपडे लागतात, हे फाटकावर कळतं. मग भाड्याचा पोशाख घ्या, अनामत भरा, नाही तर कडेला बसून पोरांच्या चपला सांभाळा. आपल्याकडच्या कितीतरी बायका पाण्याचं तिकीट काढून कोरड्याच परत आल्यात. याबद्दल तुमच्यापैकी कोणी एक शब्द बोलतं का? रंगाच्या छटेवर अर्धा तास बोलता.

म्हणून म्हटलं, तुमची टीका कडक असल्याची माझी तक्रारच नाही. ती नको तिथं कडक आहे.

सुरक्षेचं बघ. २०१९ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या कांकरियाला लंबकासारखा झुलणारा पाळणा तुटून खाली आला. दोन माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. २०२५ च्या जानेवारीत आपल्या नुमाइशमध्येच एक पाळणा वरच्या वर उलटा अडकला, माणसं डोकं खाली करून लटकत राहिली. जत्रेतले पाळणे तर दर गावी सुटे करून परत जोडतात. प्रत्येक वेळी प्रत्येक नट कोणीतरी आवळायचा असतो. हे सगळं तुम्हाला सामान्य माणसापेक्षा जास्त कळतं. पट्टा बसला की टक् असा आवाज यायला पाहिजे, चालवणाऱ्या पोरानं प्रत्येकाचा दांडा हातानं ओढून बघायला पाहिजे, सकाळी रिकामी गाडी सोडून बघतात की नाही हे विचारायला पाहिजे. उलटही आहे. कोस्टर चढावर मध्येच थांबला की लोक "बिघडला, बिघडला" म्हणून रडतात. तूच मला समजावलं होतंस, की पुढची गाडी तिच्या टप्प्यातून बाहेर पडली नसेल तर मागची आपोआप थांबते, रेल्वेत असते तीच ब्लॉक पद्धत. म्हणजे थांबली हे चांगलंच झालं. हे लोकांना कोण सांगणार? ज्याला कळतं त्यानंच ना?

पण इथं तुम्ही मवाळ होता, आणि का होता हेही मला दिसतं. पार्कवाले नवा पाळणा उघडताना तुमच्यासारख्यांना आधी बोलावतात. अमेरिकेत कोस्टरप्रेमींची संघटना १९७८ पासून आहे, त्यांच्या मेळाव्याला पार्क उघडायच्या आधी खास बसू देतात. त्यात वाईट काही नाही. पण फुकट पास हातात असताना रंगावर बोलणं सोपं आणि पट्ट्यावर बोलणं अवघड. रंगावर बोललीस तर मालक हसेल, पट्ट्यावर बोललीस तर पुढच्या वेळी बोलावणार नाही. खरं सांग, तू त्या एका ठिकाणी पट्टा सैल होता म्हणून आईला न सांगता मला सांगितलं होतंस ना? ते तू बाहेर कुठं बोललीस?

तेव्हा माझं ऐक. बसल्याशिवाय बोलू नकोस. एकदा सकाळी बस, एकदा दिवे लागल्यावर बस, कारण निम्मे पाळणे अंधारात वेगळेच होतात. बरोबर कोणीतरी पहिल्यांदा आलेलं माणूस ने आणि उतरल्यावर तुझ्या आधी त्याला बोलू दे. कोणासाठी बनवलंय ते आधी सांग, मग तुला कसं वाटलं ते सांग. पास फुकट असेल तर तसं सांग. आणि जुनं जे काढलं त्याची आठवण येत असेल तर खुशाल रड, मी आहे ऐकायला, पण ते रडणं नव्या पाळण्याचं मत म्हणून खपवू नकोस. त्यानंतरही तुला वाटलं की हा पाळणा टाकाऊ आहे, तर सांग की मग, चांगलं कडक सांग, कोणाची भीड नको. मला तुझा तो तिखटपणा हवाच आहे.

आणि हो, वहिनींना मी अजून नाही म्हणू दिलेलं नाही. म्हटलं, बहीण स्वतः बसून बघते, मग ठरवा. त्यांचा नंबर पाठवते, शनिवारी फोन कर त्यांना. पोरीची उंची दाराच्या चौकटीवर खूण करून ठेवलीय त्यांनी, ती विचारून घे आणि कुठल्या पाळण्यांना चालेल ते तूच सांग. पाण्याच्या कपड्यांचं आठवणीनं बोल. नायलॉनचं इथंच बाजारात स्वस्त मिळेल, तिथलं भाडं वाचेल.